अजून आला नाही

घड्याळजींनी फोन कॉम्प्युटरला जोडला आणि चार वर्षं जीवापाड जपलेली सिस्टीम पुसायला घेतली.

कंपनीनं दिलेली सिस्टीम काढून त्यांनी ही ओपन सोर्स सिस्टीम स्वतःच्या हातानं बसवली होती, कुणालाही आतून पाहता येईल, दुरुस्त करता येईल अशी. ज्याचं झाकण आपल्याला उघडता येत नाही ती वस्तू आपली नव्हेच, असं ते दुकानात येईल त्याला ऐकवायचे. फोन झकास चालायचा. बँकेचं आणि हॉस्पिटलचं ॲप तेवढं त्यावर उघडायचं नाही, 'हा फोन सुरक्षित नाही' म्हणून हटून बसायचं. मग ती कामं बायको आपल्या साध्या फोनवर गुपचूप उरकायची, आणि हे खुशाल सांगत फिरायचे, माझं काही अडत नाही.

आता अडलं होतं. बायकोच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला देऊन पंधरा दिवस झाले होते. रिपोर्ट ॲपवरच येणार होता.

"आला का गं?" ते रोज विचारत.

"अजून नाही आला," ती रोज सांगे.

हिला नीट बघता येत नसणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पाऊण तासात कंपनीची सिस्टीम परत बसली. त्यांनी ॲप घेतलं, हॉस्पिटलच्या फाइलीवरचा नंबर टाकला. ॲप मुकाट्यानं उघडलं.

रिपोर्ट अकरा दिवसांपूर्वीच आला होता. त्याच दिवशी दुपारी तो उघडून वाचल्याची नोंदही होती. त्यांनी शेवटची ओळ वाचली, पुन्हा वाचली. अकरा दिवस ही बाई स्वयंपाक करत होती, त्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होती, उगाच जागू नका म्हणून दटावत होती.

ती चहा घेऊन आली. फोनच्या बदललेल्या स्क्रीनकडे तिची नजर गेली.

"बदललात?"

"हो."

"कशाला पण? तुमचा केवढा जीव होता त्यात."

त्यांनी फोनची वायर कॉम्प्युटरमधून काढली.

"मग... आला का रिपोर्ट?" तिनं विचारलं. बशी तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

घड्याळजींनी फोन बंद करून खिशात टाकला आणि तिच्या हातातून कपबशी घेतली.

"अजून नाही आला," ते म्हणाले. "बस जरा माझ्याजवळ."