चारशे बाराचा वरचा सूर

"ती बाई परत आलीये," कानसेन म्हणाले आणि हातातली सळई टेकवून कुंपणाकडे बघत राहिले.

कुंपणापलीकडे, शेडमधून इंजिनं बाहेर पडतात त्या रुळालगत, चाळिशीची एक बाई उभी होती. हातात लांब दांडी, आणि दांडीच्या टोकाला मांजर गुंडाळून बसवावं तसा केसाळ मायक्रोफोन. सलग चौथा गुरुवार होता हा.

"असू द्या की काका. छंद असतो एकेकाला," लंबू म्हणाला. लंबू फिटर, बारा वर्षांचा त्यांचा जोडीदार. पुढे तो आणखी काहीतरी बोलला.

"काय?"

"म्हटलं, इंजिनाचे आवाज गोळा करतात असे लोक!"

"ओरडायला काय झालं? समोरच तर उभा आहे मी."

लंबू पाना उचलून कामाला लागला. हल्ली सगळेच असे करत. एक तर तोंडातल्या तोंडात बोलायचं, नाहीतर एकदम खेकसायचं. घरी बायकोचंही तेच. काल म्हणाली, "शेजारीण दार वाजवून वाजवून गेली, तुम्ही आत बसून होतात ना?" ती दुकानात गेलेली असताना कोणी दार वाजवलं असतं, तर त्यांना ऐकू आलं नसतं? ज्या माणसाला अख्खी शेड कानसेन म्हणते, त्याला?

हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. विजेवरचं इंजिन तपासणीला आलं की ते जॅकवर उचलायचं, चाकं हवेत फिरवायची आणि लोखंडी सळईचं एक टोक मोटारीच्या बेअरिंगवर, दुसरं कानाशी लावायचं. बेअरिंग खराब व्हायला लागलं की तिथून बारीक कुरकुर येते. एकतीस वर्षं ती कुरकुर सगळ्यांच्या आधी कानसेनांनी पकडली होती. त्यांनी मान हलवली की इंजिन सुटायचं, नाही हलवली की थांबायचं.

पण गेलं वर्षभर कुठेतरी पाणी मुरत होतं. ते चहाच्या खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. त्यांनी तपासलेल्या इंजिनाभोवती नंतर लंबू सळई घेऊन घुटमळताना दोनदा दिसला होता. "काय करतोस रे?" विचारलं तर म्हणाला, "स्पॅनर राहिला होता." आणि फोरमन, जो पूर्वी त्यांच्या सहीकडे बघतही नसे, तो हल्ली विचारायचा, "नक्की ना?" निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्याआधीच आपला काटा काढायचा आहे, आपली एखादी चूक पकडायची आहे, आणि ही बाई त्याचसाठी आणून उभी केली आहे, अशी त्यांची खात्री होत चालली होती.

जेवणाच्या सुट्टीत ते फाटकातून वळसा घालून थेट तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तुम्हाला कोणी पाठवलं?"

बाई दचकली. "कोणी नाही. मी दाताच्या दवाखान्यात आहे, डॉक्टरांच्या हाताखाली. गुरुवारी सुट्टी असते."

"आणि सुट्टीच्या दिवशी इथे?"

"आठवडाभर ड्रिलचा आवाज ऐकते हो. त्या आवाजाने माणसं खुर्चीत आक्रसतात. या आवाजाने बरं वाटतं."

मग तिने न विचारता सगळं सांगितलं. त्यांचा शंभर-सव्वाशे जणांचा ग्रुप होता. कोणाला उभ्या डिझेल इंजिनाची संथ धडधड आवडायची, तर कोणाला नव्या मोटारींचा पायरी-पायरीने चढणारा आवाज. दर वर्षी सगळ्यात लाडक्या आवाजासाठी मतदान व्हायचं.

"या वेळी पहिला नंबर तुमच्या चारशे बारा इंजिनाचा!"

"तिच्यात काय एवढं? बाकीच्यांसारखीच तर आहे."

"होती, महिन्याभरापूर्वीपर्यंत. आता वेग घेतला की वर एक बारीक सूर लागतो. शिटीसारखा. फक्त तिचाच."

चारशे बारा पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच पास केली होती.

"ऐकवा."

तिने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. आधी खोल घरघर आली. मग मोटारींचं घुमणं वर चढत गेलं. सगळं ओळखीचं, जसं असायला हवं तसं. बाईने एक बोट उचललं, डोळे मोठे केले. "आला बघा! ऐकलात?"

ते ऐकत राहिले. घुमण्याच्या वर काहीच नव्हतं.

"थट्टा करताय माझी?"

"थट्टा कशाला करू?" ती गोंधळली. तिने यंत्राचा पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यावर आवाजाचा आलेख होता. खाली दाट पट्टा, आणि त्याच्या खूप वर, एकटी, एक बारीक सरळ रेघ. "ही बघा. हाच तो सूर."

"रेघ काय, कोणीही काढेल," असं म्हणून ते वळले. पण परतताना ती रेघ डोळ्यांसमोरून हलेना. बेअरिंगच्या आतला, छर्रे धरून ठेवणारा पिंजरा सैल झाला की अशीच शिटी लागते, हे नव्या माणसांना एकतीस वर्षं त्यांनीच शिकवलं होतं.

चारशे बारा तीन वाजता गाडीला जोडायची होती. ते फोरमनच्या टेबलासमोर उभे राहिले.

"ती थांबवा."

"तुम्हीच पास केलीय ना?"

"म्हणूनच सांगतोय."

फोरमनने दारात उभ्या लंबूकडे पाहिलं. ती नजर कानसेनांनी टिपली आणि मनात म्हटलं, आहे, यांचं काहीतरी आहे.

इंजिन जॅकवर चढलं. चाकं फिरू लागली. त्यांनी एकेका बेअरिंगवर सळई लावली, डोळे मिटले. सहाही मोटारी ठणठणीत वाटल्या. मग त्यांनी सळई लंबूपुढे धरली. "आता तू ऐक."

तिसऱ्या मोटारीपाशी लंबू थांबला. सळई खाली घेतली, पण वर बघेना.

"बोल की."

"आहे, काका. शिटी चांगलीच ऐकू येतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार उघडली. पिंजरा दोन ठिकाणी तडकला होता. आणखी थोडे दिवस गेले असते, तर भर वेगात चाक जाम झालं असतं. मागे डबे, डब्यांत माणसं. तो तडकलेला पिंजरा हातात घेऊन कानसेन बाकावर बसले.

"माझ्या मागून सळई घेऊन फिरायचास, ते यासाठी?" त्यांनी विचारलं.

लंबू शेजारी बसला. "गेल्या वर्षी दोन इंजिनांतले दोष निसटले तुमच्या हातून. फोरमनसाहेबांना मीच सांगितलं. ते म्हणाले, दीड-दोन वर्षांचा प्रश्न आहे, तू मागून बघत जा, कोणाला कळता कामा नये. चारशे बाराच्या वेळी नेमकी माझी रजा होती."

"मला सांगितलं असतं तर?"

"काय सांगणार होतो, काका? तुम्हाला?"

म्हणजे कट होताच. फक्त तो त्यांच्या विरुद्ध नव्हता. दुश्मन निघाले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. दुश्मनाशी भांडता तरी येतं.

फोरमनने रजिस्टर पुढे सरकवलं. "लिहा, दोष अचानक उद्भवला. कोणी विचारत नाही."

कानसेनांनी पेन घेतलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'दोष तपासणीच्या वेळीही होता. तपासनीसाला तो ऐकू आला नाही.' खाली सही केली. फोरमनने ते दोनदा वाचलं.

"याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"सोमवारपासून मला स्टोअरमध्ये टाका," कानसेन म्हणाले. "आणि मोठ्याने बोलत जा माझ्याशी. राग येणार नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं, समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटत होतं, माझ्याशी बोलायचंच नसेल तुम्हाला." तिचे ओठ बघत बघत त्यांना ते नीट कळलं.

पुढच्या गुरुवारी नवं बेअरिंग बसवून चारशे बारा बाहेर पडणार होती. कानसेन आधीच कुंपणापलीकडे जाऊन उभे राहिले.

"तो सूर आता नसेल, बाई," त्यांनी सांगितलं. "तो सूर नव्हता. कण्हत होती ती."

बाईचा चेहरा उतरला. "आणि आम्ही तिला पहिला नंबर दिला!" मग ओशाळून म्हणाली, "ग्रुपवाले मला खाऊन टाकतील."

"माझं नाव सांगा. म्हणावं, म्हाताऱ्याने घालवला."

ती हसली. इतक्यात सिग्नल मिळाला. तिने दांडी उंच धरली, ओठांवर बोट ठेवलं. कानसेन हात मागे बांधून स्तब्ध उभे राहिले. चारशे बारा समोरून गेली; तळपायांना जमिनीचा थरथराट जाणवला. घुमणं चढत गेलं, लांब गेलं, वळणाआड विरलं. त्यांच्यापुरतं तिथेच संपलं.

बाई मात्र अजून दांडी धरून उभी होती, मान किंचित कलती, डोळे वळणाकडे. रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून ते खाकरलेसुद्धा नाहीत. तिच्या चेहऱ्याकडे बघत, ती हात खाली घेईपर्यंत थांबून राहिले.