कुलपांचा उलटा क्रम

बोर्डावरचा हिरवा दिवा, मोहरीएवढा, शांतपणे लुकलुकत होता—सगळं ठीक चाललंय असं सांगत—आणि पडद्यावर मात्र सकाळपासून तिसऱ्यांदा तीच सूचना उमटली होती : कुलपांचा क्रम उलटा. हिल्काने ती पुन्हा वाचली. बंदरातली क्रेन चालवणाऱ्या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात दोन कामं, आणि एका वेळी एकानेच वापरायच्या माहितीला लावलेली दोन कुलपं. एक पहिलं कुलूप धरून दुसरं मागतं, दुसरं काम दुसरं धरून पहिलं. एखाद्या क्षणी समोरासमोर आली की दोन्ही कायमची अडकणार. अजून अडकली नव्हती. अडकू शकतात, एवढंच संगणकाची आपोआप चालणारी तपासणी म्हणत होती.

"तीन वर्षांत एकदा तरी अडकलंय का?" विभागप्रमुख रिस्तो कॉफीचा कप घेऊन मागे उभा होता. "ती तपासणी बंद कर, हिल्का. शुक्रवारी गिऱ्हाइकाकडे नवी आवृत्ती जायचीय."

बंद कर... आधीच्या कंपनीत हेच शब्द, हाच समजुतीचा सूर. तेव्हा तिने एका ओळीत तपासणी बंद केली होती आणि घरी जाऊन सुखाने झोपली होती—आणि मार्चमध्ये, कुहमोच्या जंगलात, त्याच प्रणालीवर चालणाऱ्या लाकूडतोड्या यंत्राचा हात ओंडका धरून हवेतच थिजला, वाल्तेरी नावाचा चालक काय झालं बघायला खाली उतरला, ओंडका सुटला... इस्पितळात त्याने तिलाच विचारलं, "माझंच काही चुकलं का हो?" गुडघ्याखाली सपाट पडलेल्या त्याच्या पांघरुणाकडे बघत ती म्हणाली, अजून कळलं नाही. तिला कळलं होतं.

"नाही करणार," ती म्हणाली. "क्रम दुरुस्त करायला दोन आठवडे लागतील."

"दोन आठवडे! अगं, बर्फ पडेल म्हणून कुणी घरात बसतं का?"

"घरात तू बसतोस, मी बसते. क्रेनखाली तिसराच उभा असतो."

"मग त्या शेजारच्या टेबलावरच्या पेक्काकडून करून घेतो. पाच मिनिटांचं काम."

"घे. पण तपासणीच्या कागदावरची माझी सही मी काढून घेतेय. का काढली, तेही लिहितेय. गिऱ्हाइकालासुद्धा."

रिस्तो हसला, मग थांबला. "नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

तो गेला. पलीकडे पेक्का मान खाली घालून टाइप करत होता. काय, ते तिला दिसत नव्हतं. तिने गिऱ्हाइकाला पाठवायच्या पत्राचं पहिलं वाक्य लिहिलं, त्यातलं 'कदाचित' खोडलं, 'क्षमस्व' खोडलं—आणि चीड, स्वच्छ, जवळजवळ आनंदासारखी चीड अंगभर पसरत गेली. ती ओसरू नये म्हणून ती भराभर लिहीत राहिली.