खिडकीपाशी वळसा

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, टेबलावर पसरलेल्या ग्राफपेपरवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे काय आहे?"

"काही नाही, मॅडम. मोकळी जागा आहे."

"मग कुणी जात का नाही तिथे?"

मोजणीवाली कागदाकडे बघत राहिली. हे तिचं नाव कॉलेजातलं नव्हे. ज्या घरात ती अभ्यासासाठी जात होती, तिथल्या काकांनी ते ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी ती टेप काढून खोली मोजायला लागली, तेव्हा घर विकायला काढलंय की काय आम्ही, असं म्हणून ते हसले होते, आणि तेव्हापासून दार उघडलं की "आली मोजणीवाली" अशी आत वर्दी द्यायचे.

तिने समाजशास्त्र आणि मानवशास्त्र घेतलं तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. यातून पुढे येतं काय, असं मामा दर भेटीत विचारायचा. माणसांकडे बघायला शिकवतात, असं तिने एकदा सांगून पाहिलं, तर मामा म्हणाला, ते तर आमच्या शेजारच्या मावशी फुकटात करतात. तिला हसू आलं होतं, पण मुद्दा काही पटवून देता आला नव्हता. मॅडमनी आधी गप्प बसायला शिकवलं. माणूस उत्तर देऊन थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. थांबायचं. खरं उत्तर पुष्कळदा त्यानंतर येतं. मग पायांकडे बघायला शिकवलं. तोंडाने माणूस काय वाट्टेल ते सांगेल, त्याचे पाय कुठे जातात ते बघा, असं त्या म्हणायच्या.

तिचा विषय साधा होता: घरी बसून काम करणाऱ्या बाईला घरात कामापुरती जागा मिळते का. काकू पडदे शिवायच्या, काका शाळेची व्हॅन चालवायचे. खोलीचा नकाशा काढायचा आणि कोण कुठून कुठे गेलं त्याच्या रेघा मारायच्या. काकूंच्या निळ्या, काकांच्या लाल. आणि बघणारा माणूसही खोलीतच असतो, म्हणून स्वतःच्या हिरव्या. कितीतरी दुपारी तिने तेवढंच केलं. कागद रेघांनी भरून गेला, पण खिडकीपाशी एक लांबट तुकडा कोराच राहिला. भिंतीपासून जरासा सुटा, चारही कडा जवळजवळ सरळ.

तिच्या अंगावर काटा आला तो त्या तुकड्यामुळे नव्हे. हिरव्या रेघाही त्याला वळसा घालून गेल्या होत्या. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ती त्या घरात नवखी होती, आणि तरी तिचे पाय त्या दोघांसारखेच वळत होते.

"मला देण्याआधी त्यांना वाचून दाखवायचं," मॅडम म्हणाल्या. "दोघांना. ते सांगतील ती दुरुस्ती करायची."

विभागाचा तो नियमच होता. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांनी ऐकल्याशिवाय मॅडम सही करत नसत.

"हेसुद्धा?"

"हे तर आधी."

दुसऱ्या दिवशी ती जिना चढून गेली तेव्हा काकू नेहमीप्रमाणे दाराबाहेरच्या बोळात गुडघ्यांवर बसून कापड बेतत होत्या. करड्या रंगाचं जाड कापड पार जिन्यापर्यंत पसरलं होतं. समोरचे गृहस्थ बूट हातात घेऊन भिंतीच्या कडेकडेने निघाले होते आणि हा रस्ता आहे की दुकान, असं पुटपुटत होते. काकूंनी मान वर केली नाही. रोजचंच होतं ते.

"काकू, आत का नाही बेतत?" तिने विचारलं.

"आत कुठे आहे जागा?"

दार सताड उघडं होतं. आत खिडकीतून ऊन येऊन फरशीवर पडलं होतं. त्या मोकळ्या फरशीवर दोन पडदे शेजारी शेजारी पसरता आले असते. शिलाईचं मशीन मात्र पलीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कपाटाला चिकटून, दिवसाढवळ्या बल्ब लावून बसलेलं. काकू पाणी प्यायला आत गेल्या तशी तीही मागोमाग गेली, आणि त्या स्वयंपाकघरात आहेत असं बघून तिने त्या उन्हाकडे एक पाऊल टाकायचं ठरवलं. फरशीच ती, तिला काय भ्यायचं! पाय उचलला. आणि कुणाच्या तरी अंगावर पडणार असावं तसा झटकन मागे घेतला. खिडकी बंद असूनही तिला गार वाटलं. ती खरोखर घाबरली होती.

काकू तांब्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं की नाही, कळेना.

"तिथे आमची मुलगी असायची," काकू म्हणाल्या.

मग त्या बोळात परत आल्या, कात्री उचलली आणि कापताकापताच सांगत गेल्या. हाडांचं काही दुखणं होतं. शाळा सुटली, चालणं सुटलं. रस्ता दिसावा म्हणून कॉट खिडकीपाशी घेतली आणि पोरीची पुढची सगळी वर्षं त्या कॉटवरच गेली. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी पाना घेऊन कॉट सुटी केली, व्हॅनमध्ये घातली आणि कुठेशी देऊन आले. कपडे दिले, भिंतीवरचे फोटो उतरवून आत ठेवले. तेव्हापासून पोरीचं नाव त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. व्हॅनमधल्या पोरांशी थट्टा, शेजाऱ्यांशी गप्पा, सगळं पहिल्यासारखं सुरू. काकूंनी त्यांच्याशी सरळ बोलणंच टाकलं होतं. चहा झालाय हे त्या ओट्याला सांगायच्या, आणि काका तो येऊन घेऊन जायचे. मोजणीवालीला आता आठवलं, तिने त्या दोघांना एकमेकांशी बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. काका इतकं बोलायचे की ते लक्षात यायला जागाच राहायची नाही.

"ती गेली ते दुःख आहेच गं," काकू म्हणाल्या. "पण ती होती, हे या घरात फक्त मलाच माहीत आहे. कधीकधी वाटतं, मलाच वेड लागलंय. नव्हतीच की काय ती."

"महिनाअखेर बहिणीकडे जाणार आहे मी. कायमची. पडदे काय, कुठेही शिवता येतात. यांना अजून सांगितलं नाही, तूही बोलू नकोस."

ग्राफपेपर तिच्या पिशवीतच होता. काढून काकूंच्या पुढ्यात ठेवला असता तर त्यांना दिसलं असतं की लाल रेघा निळ्यांहून जपून वळलेल्या आहेत. केर काढताना काकूंचा हात तरी त्या तुकड्यात जायचा, काका मात्र फोन वाजला तरी त्यात पाऊल टाकत नसत. खिडकी लावायला जाताना ते भिंतीच्या बाजूने तिरके होत, पोट आत घेत आणि अंग चोरून सरकत. तिथे आता अडायला काही नव्हतं. पण कागद तिने काढला नाही. तो एकट्या काकूंना दाखवायचा नव्हता, हे एक. शिवाय तिला भीती वाटली. तू वळसा घालतोस असं माणसाला सांगितलं की दुसऱ्या दिवशी तो हट्टाने सरळ चालायला लागतो. मग तेवढंही उरायचं नाही.

तिने मॅडमना गाठून त्या जागेविषयीचा तो एक परिच्छेद गाळू का, असं विचारलं.

"कुणाच्या सोयीसाठी गाळायचाय?" मॅडमनी विचारलं. "त्यांच्या, की तुझ्या?"

रविवारी दोघंही घरी होते. काका पलंगावर मांडी घालून बसले, काकू मशीनवर. चुकलं असेल तिथे दुरुस्ती करता येते, असं सांगून मोजणीवालीने स्टुलावर बसून वाचायला सुरुवात केली. मशीनला उजेड कमी पडतो, कापड बोळात बेतावं लागतं, शेजारी कुरकुरतात. काका मान डोलवत होते, मधूनच टिप्पणी करत होते. आमचं घर एवढं महत्त्वाचं आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं बुवा, असं म्हणून त्यांनी तिच्याकडे बघून डोळेही मिचकावले. मग तो परिच्छेद आला. तिचा आवाज बारीक झाला, पण तिने वाचला. खिडकीपाशी एक जागा आहे. घरातली दोन्ही माणसं तिच्यावर पाय ठेवत नाहीत. घरातल्या बाईंपेक्षा घरातले गृहस्थ ती जास्त कटाक्षाने टाळतात.

मशीन थांबलं.

"काहीतरीच," काका हसून म्हणाले. "असं काही नाही हं. तुझं मोजमाप चुकलंय, मोजणीवाले."

तिने पुढचं वाचायला घेतलं नाही. बाहेर कुणीतरी गाडी धुवत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. काकांना तो आवाज खटकला असावा. खिडकी लावतो, म्हणून ते उठले. चार पावलं सरळ गेले. मग भिंतीकडे वळले, तिरके झाले, पोट आत घेतलं आणि पाठ भिंतीला घासत सरकायला लागले. निम्म्या वाटेवर त्यांच्या ते लक्षात आलं.

ते तसेच थांबले, भिंतीला टेकून, दोन्ही तळवे मागे. चेहऱ्यावर हसू होतं ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. मग हळूच खिडकीपर्यंत गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. खिडकी लावायची राहूनच गेली. काकू त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. मोजणीवालीला वाटलं, उठावं आणि पळून जावं. आपण या माणसाचं लपायचं ठिकाण उघडं पाडलं, हे तिला फार लागलं.

बऱ्याच वेळाने काका परत फिरले. आले तसेच, तिरके, अंग चोरून. आता कुणी बघतंय याची त्यांना पर्वा दिसली नाही. तिच्याजवळ येऊन त्यांनी हात पुढे केला.

"दुरुस्ती करता येते म्हणालीस ना? नकाशा दे. आणि पेन्सिल."

तिने दिली. काका फरशीवर बसले, कागद गुडघ्यावर घेतला आणि तो कोरा तुकडा बोटाने चाचपून पाहिला. दाराकडच्या कडेवर त्यांचं बोट थांबलं. मोजणीवालीने ती कड पक्क्या नकाशात सरळ करून घेतली होती. लाल रेघा तिथे थोड्या जास्तच बाहेर फुगत होत्या, आणि आपलाच हात हलला असेल, असं तिला वाटलं होतं.

"आखूड काढलंयस तू," काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "इथे पायाशी स्टूल लावलं होतं मी. शेवटी शेवटी तिला कॉट पुरत नव्हती. झोपल्याझोपल्या उंच झाली पोरगी."

त्यांनी कडेला लागून एक लहानसा चौकोन काढला. रेघ मध्येच तुटत होती.

काकू मशीनवरून उठल्या. भिंतीच्या बाजूने वळून आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून कागदाकडे वाकून बघायला लागल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा ठळक काढा. पुसट दिसतंय."