अंगठ्याआधी भुवई

मित्रांनो, मी एक जुना पिवळा चेहरा आहे. गोल गरगरीत. डोक्यावर केस नाहीत, कान नाहीत, मान तर नाहीच. पण भुवया दोन आहेत आणि त्यातली एक कायम वर चढलेली. तुमच्या फोनमध्ये राहतो मी. कुणी थाप मारली की तुम्ही मलाच पाठवता. "अस्सं? खरंच का?" एवढं सगळं मी एका भुवईत बोलतो. आहे की नाही कमाल?

आमचं घराणंच शंकेखोरांचं. थोरला भाऊ हनुवटीला बोट लावून विचार करत बसतो. त्याच्या एकाही विचाराचा अजून निकाल लागलेला नाही. मधला गोंधळलेला. त्याला "जेवलास का?" विचारलं तरी आठवावं लागतं. धाकटा तोंडाचा आ करून उभा, काहीही सांगा, तो चकितच. या सगळ्यांत हुशार मी. हे मी स्वतःच सांगतो, कारण बाकीचे कबूल करायचे नाहीत.

मला घडवलं एका चित्रकार बाईनं. आरशासमोर बसून ती एक भुवई वर करायची, बघायची आणि रेघ ओढायची. पहिल्या दिवशी तिचा साहेब मला बघून म्हणाला, "याची दाढ दुखतेय का?" दुसऱ्या दिवशी म्हणाला, "याला झोपेतून उठवलंय का?" तिसऱ्या दिवशी तो तिला सांगायला लागला की काल दुपारी फार ताप होता, म्हणून लवकर घरी गेलो. बाईनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. भुवई चढली. ती तिनं तशीच्या तशी माझ्या कपाळावर उतरवली. साहेबानं लगेच सही केली आणि मी पास झालो.

तिथून मी गावोगाव, फोनोफोनी गेलो. पण माझं खरं आयुष्य गेलं ते एका शिलाईच्या कारखान्यात, काजमावशीच्या फोनमध्ये. काज म्हणजे बटण अडकवायचं भोक. मावशी ती भोकं शिवायची आणि समोर बटणं लावायची. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी तिची खुर्ची. गुडघे कुरकुरायचे, त्यामुळे दिवसातून एकदाच जिना चढायची आणि एकदाच उतरायची. मधलं सगळं बोलणं फोनवर.

कारखाना तरी केवढा? चार माणसं. खाली लांबलचक टेबलावर कापड कापणारे मास्तर, कारखाना त्यांचाच. हिशेब आणि गिऱ्हाईकं सांभाळणारी त्यांची बायको, तिला सगळे वहिनी म्हणायचे. वर मशीन चालवणारा एक गडी. तो इतका भरभर शिवायचा की त्याचं नाव पडलं होतं एक्सप्रेस. आणि चौथी मावशी.

या चौघांच्या ग्रुपवर माझा काय दरारा होता म्हणून सांगू! एक्सप्रेसनं लिहावं, "पोट दुखतंय, आज येत नाही." मावशीनं मला पाठवावं. अर्ध्या तासात एक्सप्रेस मशीनवर हजर, पोट ठणठणीत! ग्रुपबाहेरही तेच. मावशीच्या धाकट्या बहिणीनं लिहावं, "तायडे, मी किती बारीक झालेय बघ." की निघालो मी. बहीण दोन आठवडे बोलली नाही. बोलायला लागली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "त्या पिवळ्याला आवर."

मावशीच्या फोनमध्ये रोजच्या वापरातल्या चेहऱ्यांची एक रांग होती. त्यात पहिला नंबर माझा. हसरा दुसरा. आणि तिसरा होता अंगठा.

अंगठ्याबद्दल थोडं सांगतो. माझा त्याच्यावर राग नाही, पण तो पक्का होयबा. काहीही विचारा, तो उभाच. आणि कारखान्यात त्याचाच मान मोठा, कारण तिथे एक रीत होती. मास्तर टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वर कागदाचे फर्मे, म्हणजे बाही-खिशाच्या आकाराचे नमुने, ठेवायचे, फोटो काढायचे आणि ग्रुपवर टाकून विचारायचे, "कापू?" तिघांचे तीन अंगठे आले की कापायचं मशीन सुरू. रीत चांगली होती हो. एकदा कापलेलं कापड पुन्हा सांधता येत नाही, म्हणून चार जणांनी बघावं. पण बघायचं कोण? एक्सप्रेसचा अंगठा तर फोटो उघडायच्या आधी यायचा.

एकदा हॉटेलातल्या वाढप्यांचे शर्ट होते. "कापू?" आलं, आणि मावशीनं मला पाठवलं. तिला वाटलं, खिशाचा फर्मा उलटा पडलाय. मास्तरांनी सगळे थर उचलले, फर्मे तपासले, अर्धा दिवस गेला. फर्मा सरळच होता. मावशीनं चष्मा न लावता फोटो बघितला होता.

मास्तर जिन्यातून ओरडले, "मावशी, तुमचं काम भोकं पाडायचं. कापडाला पाडा, माझ्या कामाला नको!"

एक्सप्रेस हसला. चार दिवस हसत होता. "मावशी, आज माझ्या शर्टाला खिसा आहे का बघा बरं," असं येता-जाता चालू. त्यानंतर "कापू?" आलं की मावशी अंगठा पाठवायला लागली. बघायची सगळं, चष्मा लावून बघायची, पण पाठवायची अंगठाच.

मित्रांनो, मी रांगेत दुसरा झालो, मग पाचवा, मग रांगेच्या बाहेरच गेलो. पार मागे, जिथे टाय, फॅक्सचं मशीन आणि फ्लॉपी पडून असतात तिथे. फॅक्सचं मशीन मला म्हणालं, "ये, बस. इथे कुणी येत नाही." माझी भुवई तेवढी वर राहिली. बाकी मी पुरता खाली आलो होतो.

आणि मग ते मखमलीचं काम आलं.

एका बँडचे चोवीस वादक. त्यांना कार्यक्रमासाठी चोवीस कोट हवे होते, जांभळ्या मखमलीचे. एवढं मोठं काम कारखान्यात पहिल्यांदाच आलं होतं. कापड लांबून मागवलेलं. वहिनीनं सगळ्यांना बजावलं होतं, "या रंगाचं आता एक वीतसुद्धा मिळणार नाही. आहे त्यात भागवायचं, आणि आठ दिवसांत द्यायचं."

मास्तर सकाळपासून खाली एकटेच अंथरत होते. दुपारी फोटो आला. "कापू?"

एक्सप्रेसचा अंगठा, टण्ण! वहिनीचा अंगठा, टण्ण! आता फक्त मावशीचा बाकी.

मावशीनं काजाची सुई सुयांच्या गादीत टोचली. चिंधीनं चष्मा पुसला. फोटो मोठा केला. टेबलाच्या टोकाशी आली आणि थांबली. तिथे कापडाच्या कडा दिसत नव्हत्या. घड्या दिसत होत्या.

आता हे नीट ऐका, कारण सगळी गोम इथेच आहे. मास्तरांनी तीस वर्षं शर्टाचं कापड कापलं. ते अंथरताना टोकापर्यंत न्यायचं, तिथे दुमडायचं आणि परत आणायचं. पटापट थर होतात. पण मखमलीला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एकीकडून हात फिरवला तर मऊ आणि फिकी, उलटा फिरवला तर खरखरीत आणि गडद. दुमडून अंथरली की एका थराची लव वर, पुढच्याची खाली. कोटाची डावी बाजू एका थरातून निघणार, उजवी पुढच्या थरातून. म्हणजे स्टेजच्या उजेडात प्रत्येक वादक अर्धा दिवस आणि अर्धी रात्र!

मावशीला हे कळत होतं. पण मागच्या वेळीही तिला असंच कळलं होतं. आता चुकली असती, तर त्या कारखान्यात पुन्हा शंका काढायची सोय उरली नसती. तिचं बोट अंगठ्यावर जाऊन थांबलं. अंगठा छाती काढून उभा होता, मेला.

खालून मास्तर ओरडले, "मावशी, झोपलात का? मशीन लावून बसलोय!"

मावशीनं रांग सरकवली. मी दिसेना. फळं गेली, गाड्या गेल्या, झेंडे गेले. मी फॅक्सच्या मशीनमागून जीव खाऊन भुवई ताणत होतो. इकडे, मावशी, इकडे! शेवटी दिसलो. बोट पडलं. मी एका दमात चार फोनवर जाऊन उभा राहिलो.

खाली सुरू झालेली घरघर बंद झाली.

"परत?" मास्तरांचा फोन आलाच. "आज कुठला खिसा दिसला नाही तुम्हाला?"

"कापू नका. मी खाली येते."

"तुम्ही? जिना उतरून?"

एक्सप्रेस म्हणाला, "मावशी, चष्मा घेतलात ना?" मावशी म्हणाली, "घेतलाय. तू तुझी बोटं घेऊन ये." भिंतीला धरून एकेक पायरी उतरली. मी तिच्या मुठीत होतो, सगळं बघत होतो.

"मास्तर, वरच्या थरावरचे फर्मे उचला. आता हात फिरवा. असा, तुमच्याकडून माझ्याकडे." मास्तरांनी फिरवला. "आता खालच्या थराची कड उलटा आणि तिच्यावर. तसाच."

मास्तरांचा हात मधेच अडला. त्यांनी पुन्हा फिरवला. मग तिसऱ्या थरावर, मग चौथ्यावर. मऊ, खरखरीत, मऊ, खरखरीत. एक्सप्रेसचं तोंड उघडलं ते मिटेचना. माझा धाकटा भाऊ हुबेहूब! वहिनी मटकन स्टुलावर बसली. मास्तरांनी कापायच्या मशीनची वायर काढून ठेवली.

मग म्हणाले, "एक्सप्रेस, पलीकडचं टोक धर. सगळं परत अंथरायचंय. एकाच बाजूनं." आणि थोडं थांबून, "मावशी, तुम्ही खुर्चीवर बसा आणि आमच्यावर लक्ष ठेवा."

चोवीस कोट वेळेत गेले. स्टेजवर चोवीसच्या चोवीस एका रंगात चमकले.

पण मी ज्याची फुशारकी मारतो ती गोष्ट त्यानंतरची. पुढच्या कामाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "कापू?" आणि त्याच्या शेजारी, मास्तरांच्या स्वतःच्या फोनवरून, मी! ज्या माणसानं जन्मात कधी चेहरा पाठवला नव्हता, त्यानं मला शोधून काढलं होतं. तेव्हापासून नियमच झाला: आधी भुवई, मग अंगठा. कुणीतरी एकानं तरी शंका काढायची. आणि शंका चुकली तरी हसायचं नाही. हसला तर एक्सप्रेसनं सगळ्यांचा चहा करायचा. तो हसला नाही तरी मावशी त्याला तीनदा चहा करायला लावते, ते सोडा.

आज मी फक्त फोनमध्ये नाही, बरं का. कापायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर मावशीनं मला लावलंय. पिवळ्या चिंधीचा गोल, डोळ्यांना दोन काळी बटणं, आणि भुवई तिच्या हातच्या घट्ट काजाच्या टाक्यानं शिवलेली. धुतली तरी उतरणार नाही अशी. अंगठ्याला भिंतीवर जागा मिळाली नाही. विचारून बघा त्याला!

तेव्हा मित्रांनो, मला रांगेतून घालवू नका. जवळ ठेवा, बोटाखाली ठेवा. आणि ज्यानं मला पाठवलं त्याला हसू नका. तो जिना उतरून तुमचं कापड वाचवायला येत असेल.

आता मी तुम्हाला विचारतो. हे सगळं नीट वाचलंत ना? की एक्सप्रेससारखा आधीच अंगठा दिलात?

बघा, चढली माझी भुवई.