धुळाकाकाचा गट

सेहेचाळीस साली फौजेतून सुटून आलेल्या दादासोनं तासगावकडच्या आपल्या गावात हुतुतूचं मंडळ काढलं. पोरांच्या जन्मतारखा कुणाच्याच घरी धड ठाऊक नव्हत्या, म्हणून त्यानं उंची, मनगट आणि खेळ बघून धाकटा नि थोरला असे दोन गट पाडले. सगळी पोरं बसली, एकटा धुळा कुठं बसेना.

दहाएक वर्षांचं नुसतं पाप्याचं पितर! पण दम घेऊन थोरल्यांच्यात शिरलं की आडदांड पोरं वाट द्यायची आणि हा दोघांना शिवून मिजाशीत परत यायचा. एकदाही धरला गेला नव्हता. दादासो चार दिवस नुसती त्याची पावलं बघत बसला. वेग नाही, हुलकावणी नाही, मग पोरात आहे तरी काय? काही उमगेना, तेव्हा त्यानं विश्रामबागेत परगावच्या पोरांशी ठरलेल्या सामन्यासाठी धुळाला सरळ थोरल्या गटात घातलं.

तरी त्याला चैन पडेना. सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानावर त्यानं केरबाला गाठलं. थोरल्या गटातला सोळाएक वर्षांचा हा गडी एकटा बैल आवरायचा.

"का रं, धुळाला धरत का न्हाईस?"

"आवं, काका हाय त्यो माजा!" केरबा दचकला. "आमच्या आज्याचं शेंडेफळ. काकाला मातीत पाडू व्हय? आजी जित्ता ठेवंल का मला?"

थोरल्या गटातली बाकीची पोरंही भावकीतलीच, म्हणजे धुळाचे पुतणेच; इतकी वर्षं फौजेत काढलेल्या दादासोला ही नाती ठाऊकच नव्हती. त्याला हसू फुटलं, पण लगेच उद्याचा सामना आठवला. विश्रामबागेत समोर एकही पुतण्या नसणार होता. पोरगं हाडं मोडून घेऊन आलं असतं.

मागं उभ्या असलेल्या धुळानं सगळं ऐकलं. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"म्हंजे मला खेळता येत न्हाई?"

दादासोला फार वाईट वाटलं, पण खोटं बोलवेना. "ते अजून मलाबी ठावं न्हाई, गड्या. बघूया."

त्यानं धाकट्या गटातली, भावकीबाहेरची सात पोरं समोर उभी केली. धुळा दम घेऊन गेला. पहिल्याच फेरीत आदगोंडा नावाच्या त्याच्याच वयाच्या पोरानं त्याची कंबर धरली आणि बाकीचे वर कोसळले. "काका!" म्हणत केरबा धावला, दादासोनं त्याला हातानं अडवलं.

धुळा उठला. गुडघा फुटला होता, डोळे भरले होते. त्यानं आदगोंडाच्या हातांकडं निरखून बघितलं.

"कसं धरलंस रं?" तो म्हणाला. "परत धर बघू."