एक्केचाळीस आणि सत्त्याण्णव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आमच्यासारखे बहुतेक जण आपली कहाणी हळवे होऊन सांगतात. मी मात्र रागावलेला आहे, आणि का रागावलो ते सांगितल्याशिवाय भंगारात जायची माझी तयारी नाही.

माझा जन्म १९९४ साली वाशीतल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाला. सुभाष नावाच्या तरुण मेकॅनिकने सुटे भाग जोडून मला उभं केलं. प्रत्येक स्क्रू तो दोनदा आवळायचा. पडद्यावर पहिली अक्षरं उमटली तेव्हा माझ्या डब्यावर थाप मारून तो म्हणाला, "एकदम झकास!" ज्याने घडवलं त्याच्या तोंडचा तो शब्द मला फार मोलाचा वाटला. पुढे त्यानेच काय केलं ते ऐका.

नेरूळमधल्या एका खासगी संशोधन संस्थेने मला विकत घेतलं. पहिली दोन वर्षं मी नोटिसा छापल्या, परीक्षेचे निकाल छापले, संचालकांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूरसुद्धा छापला. दसऱ्याला माझ्यावर झेंडूची माळ चढायची आणि कुंकू की-बोर्डच्या फटीत जाऊन बसायचं. संशोधन संस्थेत येऊन मी संशोधन सोडून सगळं केलं.

मग १९९६च्या जूनमध्ये सुनयना आली. एम.एस्सी. झालेली, काटकुळी, झपझप चालणारी मुलगी. तिचे वडील कृष्णात मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या घाऊक बाजारात ते माथाडी होते, पाठीवर पोती वाहायचे. घणसोली गावात एका भाड्याच्या खोलीत हे कुटुंब राहायचं. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. नंदकिशोर सर यांच्या हाताखाली सुनयना संशोधन साहाय्यक म्हणून लागली आणि तिच्या टेबलावर मी आलो.

ती टाइप करता करता स्वतःशी बोलायची, म्हणून मलाही सगळं समजायचं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. प्रत्येक दुव्याला क्रमांक असतो. ही साखळी सरळ राहत नाही, गुंडाळून तिचा गोळा होतो. मग साखळीत एकमेकांपासून पुष्कळ दूर असलेले दुवे अगदी शेजारी येतात, एकमेकांना टेकतात. कोण कोणाला टेकलंय यावर तो गोळा उभा असतो. सुनयनाला हेच शोधायचं होतं. तिने प्रोग्राम लिहिला. प्रत्येक अणूची जागा तीन आकड्यांत द्यायची, मी प्रत्येक जोडीमधलं अंतर काढायचं आणि जवळच्या जोड्या कागदावर ठिपक्यांनी दाखवायच्या. अंतर मोजायचं अँगस्ट्रॉममध्ये. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम.

मित्रांनो, लाखो वजाबाक्या, लाखो वर्गमुळं! मोठ्या प्रथिनाला मला अर्धा तास लागायचा, पंखा घरघरायचा, पण मी एकही जोडी वगळली नाही. परदेशात ज्यांची रचना पक्की ठरली होती अशा चाळीस प्रथिनांवर तिने मला तपासलं. चाळीसही वेळा उत्तर बरोबर आलं. तेव्हा नंदकिशोर सर पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे आमचं शस्त्र. लहान आहे, पण अचूक." अचूक! हा शब्द त्यांचा होता. माझा नव्हे.

आता रागाची गोष्ट.

हिवतापाच्या जंतूचं एक प्रथिन सरांनी निवडलं होतं. त्याची खरी रचना तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हती. सरांनी परगावच्या एका मोठ्या संस्थेत पंधरा दिवस बसून, त्याच्यासारख्या दुसऱ्या प्रथिनावरून अंदाजाने त्याची प्रतिकृती बनवून आणली. तिच्यात एक खोबण होती. त्या खोबणीत बसेल असं औषध बनवायचं काम शेजारच्या प्रयोगशाळेतल्या गीतांजली मॅडम करणार होत्या. त्या रसायनशास्त्रातल्या. दोन वर्षांचं काम, आणि सगळं त्या खोबणीच्या भरवशावर.

सरांनी त्या प्रतिकृतीची फ्लॉपी सुनयनाकडे दिली. "उगाच एकदा चालवून बघ. सेमिनारला ठिपक्यांचा नकाशा छान दिसेल."

तिने चालवलं. मी सगळ्या जोड्या मोजल्या आणि छापल्या. सुनयना कागदाकडे बघतच राहिली. एक्केचाळिसाव्या दुव्यातला एक अणू आणि सत्त्याण्णवाव्या दुव्यातला एक अणू यांच्यामध्ये अंतर होतं एक पूर्णांक तेहतीस शतांश अँगस्ट्रॉम. मित्रांनो, एकमेकांशी बांधलेले नसतील, तर असे दोन अणू तीनच्या आत सहसा येत नाहीत. हे दोघे तर बांधलेल्या अणूंइतके जवळ घुसले होते. एका अणूच्या जागेत दुसरा! आणि दोघे बरोबर त्या खोबणीच्या काठावर.

तिने मला पुन्हा चालवलं. तेच उत्तर. मला बंद करून, पाच मिनिटं थांबून, पुन्हा सुरू केलं. तेच. मग तिने पेन्सिल घेतली आणि वहीत मांडलं. तीन वजाबाक्या आल्या शून्य पूर्णांक सात, आठ आणि आठ दशांश. वर्गांची बेरीज एक पूर्णांक सत्त्याहत्तर. वर्गमूळ एक पूर्णांक तेहतीस. शाळेतल्या मुलाला जमेल इतकं सोपं गणित.

ती सरांकडे गेली. परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "प्रोग्राममध्ये घोळ असेल, नीट बघ," एवढंच सर म्हणाले होते. तिने प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. घोळ नव्हता.

त्याच आठवड्यात बाजार बंद होता. लेक दिवसभर नेमकं करते तरी काय, हे बघायला कृष्णात आले. चपला दाराबाहेर काढून, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. सुनयनाने त्यांना पडद्यावर अणूंचे गोळे दाखवले, मग ते दोन गोळे मोठे करून दाखवले.

कृष्णात पुढे वाकले. "आगं, ही दोन एकाच जागी बसल्यात की."

"तेच तर, आबा."

"मग ही थप्पी लागंल कशी? एका पोत्याच्या पोटात दुसरं पोतं शिरंल व्हय? ज्यानं ही थप्पी लावली, त्यानं पोती मोजूनच बगितली न्हाईत."

मित्रांनो, माझ्या लाखो वजाबाक्यांचं सार त्या माणसाने दोन वाक्यांत सांगितलं. कारण आयुष्यभर त्याने थप्प्या लावल्या होत्या, आणि थप्पी चुकली तर काय होतं हे त्याच्या खांद्याला ठाऊक होतं.

नंदकिशोर सर दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते हसले. "वा! आता हमाल आम्हाला प्रोटीन शिकवणार का?"

सुनयना ताडकन उठली. कृष्णातांनी तिचं मनगट धरलं आणि शांतपणे म्हणाले, "शिकवत न्हाई सायेब. इचारतोय."

सर निघून गेले. कृष्णातही उठले. जाताना त्यांनी बसलेली खुर्ची खांद्यावरच्या टॉवेलने पुसली. त्यांना ती पुसताना सुनयनाने बघितलं आणि तोंड फिरवलं. मला तोंड फिरवता येत नाही. ते मला बघावंच लागलं, आणि तेव्हापासून माझ्या आत जे तापलं ते कोणत्याच पंख्याने निवलं नाही.

सेमिनारला चार दिवस होते. प्रोग्राम बरोबर निघाला म्हटल्यावर सरांना दुसरा दोषी हवा होता. त्यांनी मला निवडलं. "मशीन जुनं झालंय. परदेशात नाही का, एका चिपचा भागाकार चुकत होता? तसंच." माझी चिप त्या जातीची नव्हतीच! शिवाय या गणितात भागाकार आहे कुठे?

तपासणीला सुभाषला बोलावलं. त्याने मला उघडलं, धूळ झटकली, दोन तास तपासलं. "सर, मशीन टकाटक आहे. काही लोचा नाही."

सर म्हणाले, "सुभाष, संस्था चार नवीन मशीन घेतेय. हे खराब आहे असं कागदावर असलं की मंजुरी लवकर मिळेल. तूच देणार ना चारही?"

सुभाषने खिशातून पेन काढलं. माझ्याकडे न बघता त्याने एका चिठ्ठीवर 'नादुरुस्त, गणनेत चुका' असं लिहिलं, सही केली आणि ती माझ्या कपाळावर चिकटवली. स्क्रू त्याने या वेळी एकदाच आवळले.

मला झाकण घालून कोपऱ्यात ढकललं गेलं. सेमिनार त्याच खोलीत झाला. सर अर्धा तास बोलले. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा सुनयना उभी राहिली.

"सर, एक्केचाळीस आणि सत्त्याण्णव यांच्यातल्या अंतराबद्दल विचारायचंय."

"त्यावर आपलं बोलणं झालंय. मशीन खराब होतं. रिपोर्ट आहे."

"म्हणूनच मशीन नको. मी सहा आकडे फळ्यावर लिहिते. तुमच्याच फाइलमधले. कोणीही मोजा."

तिने सहा आकडे लिहिले. मग गीतांजली मॅडमनी पर्समधून कॅल्क्युलेटर काढला. बटणांचा टकटक आवाज मला झाकणाखालून ऐकू आला. "एक पूर्णांक तेहतीस," त्या म्हणाल्या. मग सरांकडे वळून, "नंदकिशोर, मी या खोबणीवर दोन वर्षं घालवणार होते."

"किरकोळ गोष्ट आहे. साखळीचं एक वळण थोडं सरकवलं की झालं," सर म्हणाले. "सुनयना, खाली बस. कोणत्या घरातून आलीस ते दिसतंय."

"दिसू दे," ती म्हणाली. "माझ्या घरात चुकीची थप्पी लावली तर ती उतरवून पुन्हा लावतात. वर उभं राहून भाषण देत नाहीत."

तुम्हाला वाटेल, आता टाळ्या झाल्या असतील. टाळ्या झाल्या नाहीत. सगळे चहाला गेले. महिन्याभरात सुनयनाची नोकरी गेली. तिच्या प्रोग्रामवर सरांचं नाव चढलं आणि मी जिन्याखालच्या अडगळीत गेलो. गीतांजली मॅडमनी मात्र त्या खोबणीवरचं काम त्याच दिवशी थांबवलं.

दोन वर्षांनी, १९९८ साली, एका परदेशी गटाने त्या प्रथिनाचे स्फटिक बनवले आणि खरी रचना छापून आली. जिन्याखाली फोनही आहे. गीतांजली मॅडमनी तिथून सुनयनाला फोन लावला. ती तेव्हा कामोठ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती.

"सुनयना, रचना आली. ते वळण तिथे नाहीच. सगळं उलट्या बाजूला वळलंय. खोबण नव्हतीच मुळी!" मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. "नाही गं, कोणी काही बोललं नाही. नंदकिशोरना बढती मिळाली." पुन्हा ऐकलं. "रडू नको. चिड. तुझा हक्क आहे तो... काय? पुण्याला? पीएच.डी.ला अर्ज केलास? मग शिफारसपत्र मी देते. आज लिहिते. आणि त्यात त्या सेमिनारची हकिकत सगळी घालते."

फोन ठेवून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. माझ्या कपाळावरची चिठ्ठी त्यांनी नखाने खरवडून काढायचा प्रयत्न केला. अर्धी निघाली. 'गणनेत चुका' अजून तशीच आहे.

मित्रांनो, आम्हाला धुळीपासून जपा, पाण्यापासून जपा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं मागणं वेगळं आहे. एखादं उत्तर गैरसोयीचं आलं म्हणून ते देणाऱ्याला खोटं ठरवू नका, मग तो संगणक असो, हाताखालची मुलगी असो की पोती वाहणारा माणूस. आधी स्वतः मोजा. आणि कोणी तुमच्या खऱ्या उत्तराला खोटं म्हटलं, तर राग गिळू नका. उठा, फळ्यापाशी जा आणि आकडे सगळ्यांना दिसतील एवढे मोठे लिहा.