भावाच्या बोर्डावर पॅनिक

चांदवडहून फोन आला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असे, "मॅडम, मेलं परत."

मेलेला असे तो रंगनाथशेठच्या कांदा खरेदी केंद्रातला कॉम्प्युटर. तो सांभाळायचं काम उज्वलाकडे, आणि ती बसायची नाशकात. बंद पडताना तो पडद्यावर इंग्रजीत 'पॅनिक' आणि पुढे त्याचं कारण लिहायचा, पण कुणी वाचायच्या आत शेठ बटण दाबून त्याला उठवायचे. कारण गेलं पुसून.

शेवटी तिनं तोडगा काढला. मरता मरता यंत्रानं आपले शेवटचे शब्द नेटवरून नाशकाला पाठवायचे. एकदाच पाठवले तर वाटेत हरवतात, म्हणून 'मिळाले' असं उत्तर येईपर्यंत पाठवतच राहायचं. नाशिक लागलंच नाही, तर केंद्रातल्या प्रत्येक जोडलेल्या यंत्राला सांगायचं. कुणीतरी ऐकेलच!

ऐकलं ते भावाच्या बोर्डानं.

भर लिलावात कॉम्प्युटर मेला. नेट आधीच गेलेलं. बोर्डावरचा कांद्याचा भाव पुसला गेला आणि लाल इंग्रजी अक्षरांत 'पॅनिक' फिरू लागलं. बोर्डाला 'मिळाले' म्हणता येईना, त्यामुळे ते थांबेचना. निर्यातबंदी झाली, अशी आवई उठली. व्यापारी बोली सोडून फोनला चिकटले. ट्रॉलीभर कांदा घेऊन आलेल्या कुसाबाई म्हणाल्या, "ह्यो पॅनिक कुठला व्यापारी? भाव तर बोलंना!"

शेठनी फोन लावला. उज्वला ओरडलीच, "बोर्ड बंद करू नका! पुढे काय लिहिलंय ते वाचा."

शेठनी एकेक अक्षर वाचलं, आणि तिला आनंदानं उडी मारावीशी वाटली. "सापडला! वजनकाट्याचा ड्रायव्हर खराब आहे, शेठ. सगळा दोष त्याचाच."

शेठ फोन टेबलावर टाकून धावले. काट्यावर ट्रॅक्टर लावून त्याचा ड्रायव्हर प्रफुल्ल तंबाखू मळत होता. त्याची कॉलर शेठच्या मुठीत आली.

"काय केलं रे कॉम्प्युटरला?"

"मी तर खाली उतरलोबी नाय, शेठ!"

टेबलावरच्या फोनमधून उज्वलाचा आरडाओरडा चालूच होता. कुसाबाईंनी तो कानाला लावला, ऐकलं, आणि हाळी दिली, "सोडा त्याला! मॅडम म्हणत्यात, ड्रायव्हर म्हंजी माणूस नाय. त्यो कॉम्प्युटरच्या पोटात हाय!"

निर्यातबंदीची आवई विरली आणि लिलाव पुन्हा सुरू झाला. मिळेल त्या एसटीनं उज्वला चांदवडला पोचली. तिनं काट्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, बदलला, निरोपाच्या वाटेतून बोर्डाला वगळलं. शेठ प्रफुल्लला स्वतः चहा देत होते.

"निरोप पाठवणं मात्र चालू ठेवा," ते तिला म्हणाले. "फक्त त्याला मराठीत मरायला शिकवा."

त्यानंतर तो कॉम्प्युटर मेलाच नाही. उज्वला अधूनमधून निरोप आलाय का ते बघते. नसला की तिला बरं वाटतं, आणि थोडा हिरमोडही होतो.